दादांना वायनरी दाखवण्याचा बेत

लिहिण्याचा अधिकार कोणाला असतो हे मला नीट ठाऊक नाही; तो मला नाही, एवढे मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांत मी चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. त्या काळात दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने पुष्कळ लिहिले, पण स्वतःचे म्हणून चार ओळींचे पत्रही कधी धड लिहिले नाही. साठी उलटल्यावर माणसाने गुडघ्यांचे व्यायाम करावेत, लेखनाला हात घालू नये, असे माझेच मत होते. तरीही हे लिहिते आहे, कारण गेल्या हिवाळ्यात एका दिवसाचा बेत आखताना माझ्या हातून जी चूक झाली, ती तोंडी सांगताना माझी जीभ अडखळते. कागदावर अडखळले तर निदान खोडता येते. वाचणाऱ्याने हे धाडस पोटात घालावे.

बेत असा होता: माझ्या थोरल्या भावाला नाशिककडच्या वायनरी दाखवायच्या.

यात एवढे धास्तावण्यासारखे काय, हे कळण्यासाठी दादांविषयी थोडे सांगायला हवे. आमचे घर शिवभक्तांचे. दादांच्या गळ्यात इष्टलिंग आहे, आणि सकाळची पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नाहीत. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांची शेती आहे. ज्वारी, तूर, हरभरा आणि दोन एकर द्राक्षबाग. ती द्राक्षे खाण्याची. द्राक्षापासून आणखी काय होते हे त्यांना माहीत नव्हते असे नाही, पण त्यांच्या ओसरीवर त्याचा उच्चार कधी झाला नाही.

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. ती पहिलीत गेली, तेव्हा तिला शाळेच्या दाराशी दादांनी सोडले आणि तिचे रडणे थांबल्याचे कानांनी ऐकेपर्यंत ते बाहेर लिंबाखाली बसून राहिले. म्हणून रसायनशास्त्र शिकून तिला नाशिकला नोकरी लागली, तेव्हा पहिला फोन मी दादांनाच केला.

“कुठं लागली म्हणालीस?”

“नाशिकला. द्राक्षाच्या कंपनीत. प्रयोगशाळेत.”

“बेदाण्याच्या?”

खोटे बोलायला ती एक फट होती. मला ते जमले नाही. “नाही दादा. वाईनच्या.”

पलीकडे थोडा वेळ कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग दादा म्हणाले, “बरं,” आणि तुमच्याकडं पाऊस किती झाला, असे विचारू लागले.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत दादांनी भाचीची प्रकृती विचारली, जेवणाची आबाळ होते का ते विचारले, घरमालक सज्जन आहे का तेही विचारले. काम मात्र कधी विचारले नाही. पहिल्या पगारात तिने त्यांना गडद तपकिरी रंगाचा, बटणांचा स्वेटर आणला. दादांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट खुंटीला टांगला. तो तिथेच आहे. वहिनी दर दिवाळीला त्या पिशवीवरची धूळ पुसतात. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. दादा रागावलेले नव्हते. मुलगी सुट्टीला येई तेव्हा त्या खुंटीकडे न बघता जेवत असे, आणि ती बघत नाही हे आम्ही सगळे बघत असू.

अशा स्थितीत गेल्या नोव्हेंबरात दादा डोळे तपासून घ्यायला धाराशिवला माझ्याकडे आले. चहा पिता पिता, बशीकडे बघत ते म्हणाले, “येकदा बघून यावं म्हणतो पोरीचं.”

“काय दादा?”

“काम. काय करती ते.”

मी त्यांच्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली, आणि त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

इथे दादांचा एक शब्द सांगायला हवा. ते कोणाला ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. ज्या गोष्टीला दादा ‘बघू’ म्हणाले ती गोष्ट पुढे झाल्याचे आमच्या घरात कोणाच्या आठवणीत नाही. म्हणून मी मनाशी पक्के केले की त्यांना काही विचारायचेच नाही. कधी येता, कोणता वार सोयीचा, असे विचारले की ‘बघू’ आलेच. दिवस आपण धरायचा आणि फक्त कळवायचा. शाळेत सहलीची सूचना फळ्यावर लिहीत असू, तसा.

मुलीला फोन केला. ती इतकी आनंदली की मलाच भीती वाटली.

“आई, जानेवारीचा दुसरा आठवडा. गुरुवार. तेवढाच दिवस आहे बघ. त्यानंतर माल यायला लागला की एप्रिलपर्यंत मला जेवायलाही वेळ नसतो.”

“मग तुझी कंपनी बघायची आणि परतायचं?”

“एकदम माझ्याकडं नको आणूस. मामा बुजतील. आधी दोन दुसऱ्या दाखवू, मग माझी. सवय होईल.”

तिने सांगितलेल्या दोनांपैकी एक मोठी, टेकडीवरची, खाली धरणाचे पाणी दिसणारी. दुसरी एका शेतकरी कुटुंबाची, लहान. तिसरी तिची. तो सगळाच भाग सह्याद्रीच्या अंगाचा, उंचावरचा. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, त्यामुळे द्राक्षात गोडी भरते पण आंबटपणा उतरत नाही, असे तिने मला समजावले. मी ते वहीत लिहून घेतले, कारण दादा प्रश्न विचारतील आणि आपल्याला उत्तर यायला हवे.

मग मी त्या गुरुवारचे वेळापत्रक करायला बसले. आदल्या दिवशी ओळखीच्या जीपने निघून, बीड, अहिल्यानगर करत, संध्याकाळी मुलीच्या खोलीवर पोचायचे. सकाळी दादांची पूजा. त्यासाठी खोलीचा पूर्वेकडचा कोपरा रिकामा हवा. साडेदहाला पहिली वायनरी. पण पहिली टेकडीवरची धरली तर तिथे म्हणे तरुण मुले-मुली हातात ग्लास घेऊन हिरवळीवर बसलेली असतात आणि गाणी चालू असतात. दादांचे पहिले पाऊल तिथे पडू नये. म्हणून ती दुसरी केली. पण मग दुपारचे ऊन आणि चढाच्या पायऱ्या, आणि दादांचे गुडघे. म्हणून पुन्हा पहिली केली. जेवण तिथल्या उपाहारगृहात नको, कारण शेजारच्या ताटात काय असेल सांगता येत नाही. भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे बरोबर न्यायचे. पण बाहेरचे खाणे आत नेऊ देतात का? मी फोन करून विचारले. फोनवरचा तरुण फार नम्र होता.

“मॅडम, टेस्टिंगमध्ये पाच प्रकार असतात. किती जण आहात?”

“दोघं. पण घेणारं कोणी नाही.”

“म्हणजे?”

“आम्ही नुसतं बघणार.”

“काही हरकत नाही मॅडम. न घेणाऱ्यांना आम्ही द्राक्षाचा ज्यूस देतो.”

मला हायसे वाटले. पण पुढचा प्रश्न लगेच सुचला. “ज्यूस कशात देता?”

“ग्लासात, मॅडम.”

“त्याच ग्लासात? दांड्याच्या?”

“हो मॅडम, तोच.”

दांड्याचा ग्लास हातात घेतलेले दादा माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्या क्षणी कोणी फोटो काढला, तर आत ज्यूस आहे हे फोटोत कसे कळणार? “स्टीलच्या पेल्यात मिळेल का?” मी विचारले. तो बिचारा म्हणाला, “विचारून सांगतो, मॅडम.” त्याने खरोखरच दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले की स्वयंपाकघरात पेले आहेत. त्याच्या या भलेपणाने मला रडू यायचे राहिले होते.

असे पंधरा दिवस गेले. वेळापत्रक मी सात वेळा पुसून लिहिले. दादांचा उपवास सोमवारी असतो. धरलेला दिवस सोमवार नाही, हे मी तीनदा तपासले. उजाडते कधी, धुके असते का, रस्त्याचे काम कुठे चालू आहे, हे सारे तपासले. हे सगळे मोबाइलमध्ये बघून, आणि वारही त्यातल्याच दिनदर्शिकेत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे शेवटचे, डिसेंबरचे पान लोंबत होते. पुढच्या वर्षाची गुंडाळी रबर लावून कपाटामागे उभी होती. ती नवे वर्ष लागल्यावर उघडायची, अशी आमच्या घरची रीत.

दादांना फोन करून दिवस कळवला.

“गुरवारी?”

“हो दादा. बुधवारी निघायचं, शुक्रवारी परत.”

“बरं.”

ते ‘बघू’ म्हणाले नाहीत. मी फोन ठेवला आणि देवापुढे दिवा लावला, दुपारचे तीन वाजले होते तरी.

जाण्याला आठ दिवस उरले असताना वहिनींचा फोन आला. वहिनी सहसा स्वतःहून फोन करत नाहीत, आणि त्या हळू बोलत होत्या, म्हणजे दादा जवळपास असणार.

“वन्सं, नवं क्यालेंडर लावलं का?”

“अजून नाही. का हो?”

“लावा. आन् दुसऱ्या आठवड्याचा गुरवार बघा. म्या धरते फोन.”

मी कपाटामागची गुंडाळी काढली. रबर तुटून हाताला लागले. कागद पुन्हा पुन्हा वळत होता. एका टोकावर डबा आणि दुसऱ्यावर चष्म्याचे घर ठेवून मी तो सपाट केला. गुरुवारच्या चौकटीत काळा गोल होता आणि त्याखाली लिहिले होते: वेळ अमावस्या.

आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. इतर भागांतल्या वाचकांसाठी सांगते: त्या दिवशी आमच्याकडची गावे ओस पडतात, कारण सगळी माणसे शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभारून आत पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात, आणि त्यांची पूजा होते. सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि रात्रभर आंबवलेली ताकाची आंबील हा नैवेद्य. ती आंबील उभ्या पिकाभोवती शिंपतात. ज्याची जमीन आहे तो त्या दिवशी जमिनीवर नसणे, हे आमच्याकडे होत नाही. एवढी मोठी गोष्ट मी विसरले कशी? याचे उत्तर लाजिरवाणे आहे. चौतीस वर्षे त्या दिवशी शाळेला सुट्टी असे. सुट्टी आपोआप यायची, म्हणून तिथी ध्यानात ठेवण्याची मला कधी गरजच पडली नाही.

“दादांना ठाऊक होतं?” मी विचारले.

“त्यांना ठाव नसंल व्हय? तुमचा फोन ठेवल्या ठेवल्या मला म्हणले, येळवस हाय त्या दिवशी. म्या म्हणलं, मग सांगा की वन्संला. तर म्हणले, गप ऱ्हा. तिनं पयल्यांदाच कायतरी ठरवलंय, आता बोललो तर बिचकंल.”

“आणि पूजा?”

“पुतण्याला सांगितलंय करायला. वन्सं, ताप आल्ता त्या साली बी बैलगाडीत निजून गेलते हे शेतावर. येक येळवस चुकली न्हाय आजपातुर. म्हणून म्या चोरून सांगालेय. तुमी आन् तुमचं वेळापत्रक बघा आता काय ते.”

मी बराच वेळ त्या काळ्या गोलासमोर बसून राहिले. गेलो, तर आयुष्यभर एक वाक्य दादांच्या नावावर लागणार होते: येळवशीला रान सोडून वायनऱ्या बघत होता. गाव ते म्हणाले असते, दादांनी निमूट ऐकले असते, आणि ते सगळे शेवटी मुलीच्या कामाच्या माथी बसले असते. न जावे, तर पुढचा दिवस एप्रिलमध्ये. तीन वर्षांनी मिळालेले ‘बरं’ तीन महिने टिकेल का? तोवर त्याचे ‘बघू’ झाले तर? तो स्वेटर खुंटीवरून कधी निघेल का, हा प्रश्न माझ्यापुरता त्या एका गुरुवारावर येऊन ठेपला होता, आणि तो गुरुवार मीच बिघडवला होता.

मुलीला फोन केला. सगळे ऐकून ती इतकी हसली की मी फोन कानापासून दूर धरला.

“आई, तू येळवशीला वायनरी बुक केलीस? मामांसाठी?”

“हसू नकोस. काय करू ते सांग.”

“रद्द कर. मीच येते. सुट्टी तर घेतलेलीच आहे.”

दादांना सांगणे उरले. “दादा, गुरुवारचं राहू द्या. माझी चूक झाली. त्या दिवशी येळवस आहे.”

“व्हय?” दादा म्हणाले. “येळवस हाय व्हय? बघ की, ध्यानातच न्हाय आलं.”

इतके वाईट खोटे बोलताना मी त्यांना त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

येळवशीला आम्ही दोघी सकाळी शेतावर पोचलो. थंडी चांगलीच होती. दादा जुनी शाल पांघरून कोपीपाशी उभे होते. वहिनी मुलीला जवळ घेत दादांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “नवा स्वेटर हाय घरी, आन् माणूस कुडकुडतंय.” दादा म्हणाले, “कुडकुडाया काय झालं, ऊन पडलंय की.” ऊन अजून बांधापलीकडे होते.

पूजा झाली, आंबील शिंपून झाली, आणि आम्ही चौघे जेवायला बसलो. दादांनी आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

“यंदा लई आंबली ही.”

“माझ्यावर घालू नका,” वहिनी म्हणाल्या. “दर सालावानीच केली.”

मुलीने द्रोण नाकाशी नेला, थोडी चाखली. “मामी, मडकं रात्री कुठं ठेवलं होतं?”

“चुलीपाशी. गारठा लई होता म्हणून.”

“तेच झालं. उबेला जोर धरला तिनं. कोपऱ्यात ठेवलं असतं तर थांबली असती.”

दादांनी द्रोण खाली ठेवला. भाचीकडे न बघता, समोरच्या हरभऱ्याकडे बघत त्यांनी विचारले, “तुमच्या तिथं बी असंच असतंय का? आंबिलीवानी?”

माझा घास हातात राहिला. हो म्हण, असे मी मनातल्या मनात तिला सांगत होते. हो म्हण, एवढेच तर हवे आहे. येळवशीच्या आंबिलीसारखेच आहे म्हटले की सगळे सोपे होईल. नववीच्या वर्गाला आंबवण्याची क्रिया शिकवताना दोन्हींतला फरक मीच फळ्यावर लिहीत असे, आणि तरी मला हवे होते की तिने तो विसरावा.

“न्हाय मामा,” ती म्हणाली. “आंबील आंबट होती, पण चढत न्हाय. आमचं चढतं.”

वहिनी उगाचच उंडे वाढू लागल्या.

“चढतं म्हंजी किती?” दादांनी विचारले.

“तेच मोजायचं काम माझं. रोज प्रत्येक टाकीतलं काढून बघायचं. जास्त जायला लागलं की मी सांगते, थांबवा.”

“तू म्हणलीस की थांबवत्यात?”

“थांबवतात.”

“गडीमाणसं बी?”

“सगळेच. मॅनेजरसुद्धा.”

दादांनी तो आंबट द्रोण पुन्हा उचलून संपवला. “आमच्यात तुझी मामी सांगून दमली, म्या कदी थांबलो न्हाय,” ते म्हणाले, आणि वहिनी म्हणाल्या, “कळलं म्हणायचं येकदाचं.”

त्यानंतर मुलीने माझ्या पिशवीतून वेळापत्रक काढून मोठ्याने वाचले. ‘दोन ते सव्वादोन, दादांची विश्रांती’ या ओळीवर दादा म्हणाले, “मधली सुट्टी बी हाय म्हण की,” आणि स्टीलच्या पेल्यांपाशी तर ते पोट धरून हसले. लाजेने मी हरभऱ्याची भाजी खुडायला उठले. परत आले तेव्हा ते घडी केलेला कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, “दुसरा दिवस धर. पण हे तीन-तीन नको. पोरीचंच तेवढं बघू.”

तो शब्द मी ऐकला. पाहू या अर्थाने तो आला, की त्यांच्या नेहमीच्या अर्थाने, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचायचा मी प्रयत्न केला. पण ते उठून हात धुवायला गेले होते.

आता मार्च संपत आला आहे. दिनदर्शिका भिंतीवर आहे, आणि एप्रिलच्या पानावर मी सोमवार, अमावस्या आणि गुढीपाडवा यांवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या आहेत. मुलीला दोन दिवस मोकळे आहेत. स्वेटर खुंटीवरच आहे. आता उन्हाळा आहे, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. दिवस तू धर, असे दादा स्वतः म्हणाले आहेत. पण मागच्या वेळी न विचारता धरलेल्या दिवसासाठी ते आपली येळवस मुकाट्याने सोडायला निघाले होते, आणि या वेळी त्यांच्या मनात काय अडचण असेल ती ते मला सांगणार नाहीत. विचारावे, तर पलीकडून तो एक शब्द येईल आणि बेत तिथेच संपेल.

फोन समोर ठेवून मी तीन दिवस बसले आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर दिवस ठरवून नुसता कळवला असता, की आधी त्यांना विचारले असते?